फोटोत मूड आणायला रंगाचा टिंट: कुठे लावायचा, किती लावायचा आणि कुठे हात नाही लावायचा

फुटाळा_लेन्स

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून हा विषय डोक्यात आहे म्हणून सरळ धागाच काढून राहिलो. आजकाल नागपूरचे फोटो कुठेही पाहा, अंबाझरीचं धुकं असो, बर्डीची गर्दी असो का रामटेकचा पाऊस, सगळ्यांवर एकच निळसर नाहीतर केशरी थर, खालून वरपर्यंत सारखा पसरलेला. माणूस भल्या पहाटे थंडीत उठून जातो, जागा शोधतो, उजेडाची वाट पाहतो आणि शेवटी एका प्रीसेटने, म्हणजे ॲपमधल्या तयार सेटिंगने, सगळी मेहनत एका रंगात बुडते. मला टिंट, म्हणजे फोटोवर चढवलेली रंगाची छटा, आवडतो, जवळपास प्रत्येक फोटोला लावतो, म्हणूनच जीव तुटते.

माझं म्हणणं असं आहे की मूड एका रंगातून येत नाही, दोन रंगांमधल्या अंतरातून येते. संध्याकाळ म्हटलं की आपण निळा धरून चालतो, पण तलावाच्या काठावर दिवे लागताना उभं राहून बघा, आभाळ अन् पाणी निळं झालेलं असते आणि कणसाच्या गाडीवरची शेगडी, तिथला बल्ब पिवळा-लाल असते. त्या पिवळ्यामुळे निळं थंड वाटते. पूर्ण फोटोवर निळा टाकला की बल्बपण फिका पडला, शेगडीपण विझली, मग संध्याकाळ कुठे राहिली, नुसता निळा फोटो राहिला.

म्हणून मी क्रम असा ठेवतो. आधी व्हाइट बॅलन्स नीट, म्हणजे फोटोत जे पांढरं किंवा राखाडी आहे ते तसंच दिसलं पाहिजे. मग एक्स्पोजर, कॉन्ट्रास्ट. टिंट सगळ्यात शेवटी, आणि तोही शॅडोत (गडद भागात) वेगळा, हायलाइटमध्ये (उजळ भागात) वेगळा. लाइटरूम या एडिटिंग ॲपमध्ये ऑक्टोबर २०२० च्या आधी याला स्प्लिट टोनिंग होतं, दोनच भाग, आता कलर ग्रेडिंग म्हणून रंगाच्या तीन चकत्या आहेत, शॅडो, मिडटोन (मधल्या उजेडाचा भाग), हायलाइट, आणि चौथी पूर्ण फोटोसाठी. ती चौथी मी सहसा उघडत नाही. थंडीतल्या सकाळसाठी शॅडोत ह्यू (चकतीवरचा रंग) २१५ ते २२५, सॅच्युरेशन (रंगाचा जोर) १०-१२, हायलाइटमध्ये ह्यू ४० च्या आसपास आणि सॅच्युरेशन फक्त ५-६, बस. खालचा बॅलन्स स्लायडर फिरवला की कोणता रंग किती वर चढतो ते कळते, त्याच्याशी जरा खेळा.

एक लक्षात ठेवा, लाइटरूममध्ये टेंपरेचरच्या खाली जो टिंट नावाचा स्लायडर आहे तो हिरवा-मॅजेंटा दुरुस्त करायला आहे, मूडसाठी तो ओढू नका, चेहरे लगेच आजारी दिसतात.

तुम्ही लोक काय करता ते सांगा, कोणाचं वेगळं मत असेल तर तेही.

महाल_गल्ली

भाऊ मस्त विषय काढला. पण मी तर सगळं फोनवरच करतो, स्नॅपसीड ॲपवर. त्याच्यात हे शॅडो-हायलाइट अलग अलग कसं करू? आणि दुसरं म्हणजे शॅडोत निळाच काहून? हिरवा काहून नाही, जांभळा काहून नाही?

फुटाळा_लेन्स

@महाल_गल्ली स्नॅपसीडमध्ये कर्व्ह, म्हणजे डावीकडे गडद अन् उजवीकडे उजळ भाग बदलणारी रेघ, आहे ना, तिथेच काम होते. कर्व्ह उघडा, चॅनल बदलून ब्लू घ्या, डावीकडचं खालचं टोक थोडंसं वर उचला, सावल्या निळ्या झाल्या. मग उजवीकडचं वरचं टोक थोडंसं खाली आणा, हायलाइट पिवळे झाले, कारण निळा कमी केला की पिवळा उरते. तसंच लालच्या उलट सायन आणि हिरव्याच्या उलट मॅजेंटा, एवढं डोक्यात बसलं की कुठल्याही ॲपमध्ये तुम्ही हवा तो रंग काढू शकता, प्रीसेट विकत घ्यायची गरज नाही. मग व्ह्यू एडिट्समध्ये जाऊन त्याच कर्व्हवर ब्रश घ्या आणि जिथे नको, म्हणजे चेहरा, पांढरे कपडे, तिथे पुसून टाका. जास्त लोक इथपर्यंत येतच नाहीत आणि खरा फरक इथेच पडते.

निळाच का, तर उघड्यावरच्या सावलीत खरोखर निळा असते. सूर्याचा थेट उजेड अडला की उरतो तो आभाळाकडून येणारा उजेड, आणि आभाळ निळं. केल्विनमध्ये (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळा) सांगायचं तर दुपारचं ऊन साधारण ५५००, सावली ७००० च्या पुढे, घरातला जुना पिवळा बल्ब २७०० ते ३०००, मेणबत्ती १९०० च्या आसपास. दुसरं कारण डोळ्याचं. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्याला लाल रंग लवकर काळा पडल्यासारखा दिसते आणि निळा-हिरवा जास्त उजळ वाटते, याला पुर्किंये परिणाम म्हणतात. म्हणून सावलीत थोडा निळा दिला तर पाहणाऱ्याला कोणी रंग लावला असं वाटतच नाही, त्याने आयुष्यभर तसंच पाहिलेलं असते.

हिरवा वर्ज्य नाही जी. पण हिरव्या सावलीचा अर्थ वेगळा निघते. जुन्या ट्यूबलाइटखाली फिल्मवर काढलेले फोटो हिरवट यायचे, सरकारी दवाखान्याचा कॉरिडॉर, रात्रीचं बसस्टँड, तसलं. त्यामुळे हिरवी सावली पाहिली की मनात थोडी बेचैनी येते. तुम्हाला महालातल्या जुन्या वाड्याचा अंधारा जिना दाखवायचा असेल, रिकामा, तर हिरवट सायन एकदम बरोबर बसेल. लग्नाच्या फोटोत तोच रंग टाकला तर घरचे विचारतील तब्येत बरी नव्हती का.

स्टुडिओ_काका

बाळांनो, फार बरं वाटलं वाचून. मी डार्करूमच्या काळातला माणूस, थोडं जुनं सांगतो कारण त्याचा आजच्या स्लायडरशी सरळ संबंध आहे.

आमच्याकडे रंग चढवायचे दोन वेगळे मार्ग होते. सेपिया करायचा तर ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट आधी ब्लीच करायची आणि मग सल्फाइडच्या पाण्यात टाकायची, वास असा की शेजारीपाजारी विचारायला यायचे. त्यात प्रिंटमधल्या चांदीची सिल्व्हर सल्फाइड व्हायची. म्हणजे जिथे काळं होतं तिथे तपकिरी आलं आणि कागदाचा पांढरा पांढराच राहिला. शिवाय सल्फाइड चांदीपेक्षा टिकाऊ, म्हणून तुमच्या आजी-आजोबांचे सेपिया फोटो अजून धड आहेत. दुसरा मार्ग मूकपटांच्या काळातला, अख्खी फिल्मच रंगाच्या पाण्यात बुडवायची. तिथे चांदीला काही होत नसे, तिच्या भोवतीचा जिलेटिनचा थर रंगायचा. म्हणजे पांढरं होतं ते रंगीत झालं आणि काळं काळंच राहिलं. रात्रीच्या दृश्याला निळी पट्टी, दिव्याच्या उजेडातल्या खोलीला अंबर.

आता हे तुमच्या कॉम्प्युटरवर बघा. शॅडोत रंग भरता तेव्हा पहिला मार्ग होते. रंगाचा लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये वर टाकता तेव्हा दुसरा होते, पांढरं रंगते, काळं तसंच राहते. मुलं दोन्ही एकदम करतात, म्हणून काळंही जाते आणि पांढरंही जाते, आणि डोळ्याला धरायला काही उरत नाही. आधी ठरवा, या फोटोत पांढरं वाचवायचं आहे का काळं. एक तरी शुद्ध राहिलंच पाहिजे.

फोटोशॉपच्या फोटो फिल्टरमध्ये ८५, ८०, ८१ असे आकडे दिसतात ना, तेपण आमच्याच काळातले, कोडॅकच्या रॅटन फिल्टरचे नंबर. ८५ हा केशरी, बल्बच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म उन्हात वापरायची असली की लावायचो. ८० निळा, त्याच्या उलट कामाला. ८१ अगदी फिका गरम, ढगाळ दिवशी चेहरे निळे पडू नयेत म्हणून. सुरुवात करायची तर ८१ पासून करा, पंधरा-वीस टक्क्यांवर.

आणि हाताने रंगवलेले फोटो आठवतात का कोणाला? कापसाच्या बोळ्याने गालावर हलका रंग, साडीच्या काठाला बारीक ब्रशने, बाकी सगळं राखाडी सोडलेलं. किती ठिकाणी रंग द्यायचा नाही हे ठरवण्यात त्या माणसाचं कसब होतं.

महाल_गल्ली

काका एक नंबर!! पांढरं वाचवायचं का काळं, हे मी लिहूनच ठेवलं.

कॅमेरा_खांद्यावर

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. मी बातमीसाठी फोटो काढते. आमच्याकडे टिंट म्हणजे सरळ नाही. व्हाइट बॅलन्स दुरुस्त करायला चालतं, क्रॉप चालतो, बाकी मूडबीड नाही. आणि मला वाटतं की ही शिस्त हौशी लोकांनीही थोडी पाळावी, कारण आपल्या शहरात असे प्रसंग आहेत की तिथे रंग हाच विषय आहे.

मारबतच घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते. लोक काय करतात, त्या फोटोवर गरम केशरी टिंट टाकतात, ते जुनाट दिसावं म्हणून. झालं काय, पिवळी मारबत केशरी झाली आणि काळी मारबत चॉकलेटी. अरे तिची ओळखच पिवळी आणि काळी आहे, ती तुम्ही पुसून टाकली. पन्नास वर्षांनी कोणी तो फोटो पाहील तर त्याला काय कळणार.

दुसरं दीक्षाभूमी. अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात, पांढरे कपडे, निळे झेंडे, आणि पंचशील ध्वज, म्हणजे पाच रंगांचा बौद्ध ध्वज. त्या गर्दीवर कोणी गरम टिंट टाकला की पांढरं मळकट पिवळं दिसतं आणि निळा राखाडीकडे झुकतो. तो निळा कोणासाठी काय आहे हे मी नागपूरकरांना सांगायला नको. मला तरी ते बघवत नाही.

फुटाळा_लेन्स

@कॅमेरा_खांद्यावर ताई राग कशाचा, तुम्ही जे बोलल्या ते पूर्ण मान्य, आणि उलट मी तर म्हणतो पंचशील ध्वज फ्रेममध्ये असला तर तुमच्याकडे कलर चार्टच आहे. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, पाचही रंग सांगितल्यासारखे वेगळे दिसले पाहिजेत. पिवळा आणि केशरी एकमेकांत मिसळले की समजा टिंट जास्त झाला, पांढरा पट्टा पिवळा दिसला की आणखी मागे या. मी बाकी फोटोंनाही हीच कसोटी लावतो, ज्या वस्तूचा रंग पाहणाऱ्याला आधीच माहीत आहे तिला हात नाही लावायचा. संत्रं, पळसाचं फूल, हिरव्या बांगड्या, एसटीचा लाल. संत्र्याच्या ढिगाऱ्यावर निळा टिंट टाकून बघा, फळ सडल्यासारखं तपकिरी होते, कळमन्याच्या मंडीत असा माल कोणी हातात धरणार नाही.

फक्त एका ठिकाणी मी तुमच्यासोबत नाही. बातमीचा फोटो आणि मनातला फोटो या दोन वेगळ्या जागा आहेत. मी सेमिनरी हिल्सवर पावसात एकट्या झाडाचा फोटो काढला, तिथे मला त्या दिवशी जे वाटलं ते सांगायचं आहे, तिथे सावलीत निळा वाढवला तर कोणाची फसवणूक होत नाही. प्रसंग असेल, माणसं असतील, तारीख असेल तिथे तुमचा नियम, मी पाळतोच.

कॅमेरा_खांद्यावर

झाडाचं मान्य. पण मग फोटो टाकताना एडिट केला आहे असं लिहा एवढीच विनंती, कारण लोक तेच फोटो उचलून पावसाच्या बातमीला लावतात, मी पाहिलं आहे.

हळद_ते_वरात

मी वेडिंगवाला. आमची अडचण सांगतो, क्लायंट मोबाइलवर दाखवते की असं पाहिजे, फिकट पेस्टल, नाहीतर तो टील-ऑरेंज (हिरवट निळा अन् केशरी). तिकडच्या गोऱ्या लोकांच्या फोटोवर बनवलेला प्रीसेट आपल्या सावळ्या नवरीवर टाकला की चेहरा एकतर तांब्यासारखा होते नाहीतर राखेसारखा. आणि हळदीचं तर विचारूच नका, मंडप पिवळा, साडी पिवळी, झेंडू पिवळा, चेहऱ्याला हळद, त्यावर गरम टिंट म्हणजे सगळं एकच पिवळं, नाक-डोळे शोधावे लागतात. याला उपाय काय करता तुम्ही लोक?

फुटाळा_लेन्स

@हळद_ते_वरात हळदीला मी गरम टिंट देतच नाही. तिथे पिवळा भरपूर आहे, कमी आहे तो थंडावा. शॅडोत सायनकडे झुकणारा निळा, ह्यू २०० च्या आसपास, सॅच्युरेशन ८, म्हणजे केस, मागची झाडं, मंडपाच्या घड्या थोड्या थंड होतात आणि हळद आपोआप उठून दिसते. पिवळा वाढवायची गरजच पडत नाही. उलट एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायची जागा) पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं कमी आणि ल्युमिनन्स (उजळपणा) थोडा जास्त करा, हळदीतला पोत परत येते.

त्वचेचं म्हणाल तर गोरी असो सावळी असो, माणसाच्या त्वचेचा ह्यू जवळपास एकाच पट्ट्यात येते, लाल आणि पिवळ्याच्या मधे. फरक असते तो उजळपणात आणि गडदपणात. टील-ऑरेंज चालतो तो यामुळेच, त्वचा केशरीकडे आणि कलर व्हीलवर केशरीच्या समोर टील, म्हणून माणूस पार्श्वभूमीतून सुटून येते. पण ते प्रीसेट केशरीचं सॅच्युरेशन ओढतात आणि सावळ्या त्वचेत ते आधीच जास्त असते, म्हणून तांबं. उपाय असा की पार्श्वभूमीला टील द्या, केशरीला हातच लावू नका. लाइटरूमच्या मास्किंगमध्ये आता माणसं आपोआप निवडता येतात, तो मास्क (निवडलेला भाग) उलटा करा आणि रंग मागे टाका. आणि राखेसारखा चेहरा होते तो मिडटोनमध्ये निळा गेल्याने, तिथली चकती शून्यावर ठेवा. आपल्या लोकांचे चेहरे बहुतेक वेळा मिडटोनमध्ये नाहीतर त्याच्या जरा खालीच असतात हो, म्हणून बॅलन्स स्लायडर फिरवताना नजर गालावर ठेवा, आभाळावर नको.

स्टुडिओ_काका

हे अगदी बरोबर. आणि एडिट करताना नवरीच्या आईला बाजूला बसवा, तिच्या लेकीचा खरा रंग तिच्याइतका कोणाला माहीत नसतो.

रणरणतं_ऊन

मला मे महिन्याची दुपार दाखवायची आहे. पारा ४५ वर, रस्त्यावर कुत्रंपण नाही, डांबर वितळून राहिलं. मी केशरी टाकून पाहतो तर ते छान संध्याकाळसारखं सुंदर दिसते, उन्हाचा त्रास दिसतच नाही. काय करावं?

फुटाळा_लेन्स

@रणरणतं_ऊन तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, यावर कोणी बोलतच नाही. आपलं ऊन केशरी नाहीच ना. केशरी उजेड म्हणजे सूर्य खाली आलेला, म्हणजे सुटका. मे मधलं ऊन पांढरं असते, सगळे रंग खाऊन टाकते. तेव्हा एकूण सॅच्युरेशन कमी करा, खास करून निळ्याचं, कारण त्या दिवसांत आभाळ निळं नसतंच, धुळीने पांढुरकं असते. हायलाइटमध्ये अगदी फिका पिवळा, ह्यू ५० च्या आसपास, सॅच्युरेशन ४-५, इतका की टिंट आहे हे कळू नये. सावल्या कडक राहू द्या आणि त्यांना रंग देऊ नका, निळा तर अजिबात नाही, निळी सावली दिसली की पाहणाऱ्याला गारवा मिळते आणि तोच तुम्हाला द्यायचा नाही आहे. एक्स्पोजर थोडं जास्त, डोळे बारीक करावेसे वाटले पाहिजे. आणि फ्रेममध्ये एखादा खरा गडद रंग ठेवा, तोंडाला बांधलेला दुपट्टा, रसवंतीवरचा हिरवा ऊस, म्हणजे बाकीचं किती करपलं आहे ते कळेल.

रणरणतं_ऊन

बाप्पा! केशरी म्हणजे सुटका हे कधी डोक्यातच नाही आलं. रसवंतीचा एक फोटो पडला आहे, आजच बसतो त्यावर.

रॉ_नाहीतर_काहीच_नाही

एक तांत्रिक गोष्ट राहून राहिली. हे सगळं रॉ वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवर, करा रे पोट्टेहो. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये दर चॅनलला (लाल, हिरवा, निळा) २५६ पायऱ्या, १२ बिट रॉ मध्ये ४०९६ आणि १४ बिटमध्ये १६३८४. फुटाळ्याच्या संध्याकाळच्या आभाळावर जेपेगमध्ये टिंट ताणला की पट्टे दिसायला लागतात, एकावर एक थर दिल्यासारखे. फोनमध्येसुद्धा बऱ्याच मॉडेलला रॉ आहे, सेटिंगमध्ये शोधा. आणि फुकटात हवं तर डार्कटेबल आहे, त्यात कलर बॅलन्स आरजीबी मॉड्यूलमध्ये हेच शॅडो-हायलाइटचं काम होते, गिंपपण आहे, सॉफ्ट लाइट मोडमध्ये रंगाचा लेयर टाकून ओपॅसिटी (लेयर किती दाट दिसतो ते) १० ते १५ वर.

जुने रात्रीचे फोटो असतील, सोडियमच्या पिवळ्या दिव्यांखालचे, ते सुधारायला जाऊ नका. त्या दिव्याच्या उजेडात निळा भाग जवळजवळ नसतेच, म्हणून व्हाइट बॅलन्स कितीही ओढला तरी रंग परत येत नाही, नुसते ठिपके येतात. एकतर तो पिवळा तसाच मूड म्हणून ठेवा नाहीतर ब्लॅक अँड व्हाइट करून काकांचा सेपिया द्या.

महाल_गल्ली

मी करून पाहिलं भाऊ. ब्लू कर्व्ह, डावं टोक वर, उजवं खाली, मग चेहरा पुसला. फोनवर झकास दिसून राहिलं पण भावाच्या लॅपटॉपवर पाहिलं तर एकदम निळंशार. आणि लॅबमधून चार बाय सहा काढलं तर निळं दिसतच नाही, सावल्या नुसत्या काळ्या. खरं कोणतं मानू?

फुटाळा_लेन्स

@महाल_गल्ली फोनमध्ये रात्रीचा आय कम्फर्ट, नाइट लाइट असं काही चालू आहे का बघा, तो स्क्रीन पिवळी करते आणि आपण भरपाई म्हणून निळा टाकत जातो. एडिट करताना ते बंद, फोनचा व्हिव्हिड डिस्प्ले मोडपण बंद, नॅचरल नाहीतर स्टँडर्ड ठेवा, ब्राइटनेस अर्ध्यावर. दुसरं म्हणजे डोळा लवकर सरावते, चार-पाच मिनिटं निळ्या फोटोकडे पाहिलं की तो निळा वाटत नाही आणि हात अजून पुढे जाते. उठून गॅलरीत जा, पाणी प्या, परत येऊन पाहा, नाहीतर शेजारी एक साधा पांढरा चौकोन उघडून ठेवा. मला जे बरोबर वाटते त्याच्यातून मी सवयीने एक तृतीयांश कमी करतो.

प्रिंटचं वेगळं आहे. कागद स्वतः चमकत नाही, त्यामुळे स्क्रीनवर सावलीत जे बारीक रंग दिसतात ते कागदावर काळ्यात जातात. प्रिंटसाठी वेगळी कॉपी करा, सावल्या थोड्या उचला, टिंट सावलीतून काढून मिडटोनच्या खालच्या बाजूला सरकवा, आणि लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर त्याचं मशीन तुमचा टिंट चूक समजून धुऊन टाकते. पहिल्यांदा एकच प्रिंट काढा, दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ पाहा आणि मगच बाकीच्या टाका.